आठवड्यातली एक दुपार द्या

प्रति,
मा. अधिष्ठाता, डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, विष्णुपुरी, नांदेड
मा. अधिष्ठाता, विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था, लातूर



मी लातुरात मुलींच्या एका खासगी वसतिगृहाची रेक्टर आहे. माहेर देगलूरकडचं, त्यामुळे नांदेड आणि लातूर हे दोन्ही जिल्हे मला घरचेच. अकरावी-बारावी आणि नीटच्या तयारीसाठी मुखेड, किनवट, उदगीर, निलंगा, कुठून कुठून आलेल्या मुली आमच्याकडे राहतात. आपल्याला लिहिण्याचं कारण म्हणजे बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर हा आजार. आपल्या मानसोपचार विभागांतल्या डॉक्टरांना त्याबद्दल मी काही शिकवावं अशी माझी पात्रता नाही. पण हा आजार रात्रीच्या वेळी कसा दिसतो ते मला दिसतं, आणि त्यासाठी आपल्याकडे एक ठोस गोष्ट मागायची आहे.

ओळख पटू नये म्हणून दोघी-तिघींचं एकत्र करून सांगते. मुलगी हुशार. सकाळी खोलीतल्या मैत्रिणीच्या गळ्यात गळा घालून क्लासला गेलेली. दुपारी ती मैत्रीण दुसरीबरोबर जेवायला बसली, एवढंच निमित्त. संध्याकाळपर्यंत हिचा थयथयाट, मोबाइलवर मेसेजमागून मेसेज, आधी शिव्या, मग माफी, मग पुन्हा शिव्या. रात्री बाथरूमचं दार आतून बंद. दार उघडायला लावलं तेव्हा मनगटाला ओढणी गुंडाळलेली होती आणि तिने पहिला प्रश्न विचारला, "मॅडम, आता तुम्ही पण मला काढून टाकणार ना?" दुसऱ्या दिवशी सकाळी ती इतरांसारखीच डबा घेऊन क्लासला निघाली. वडील गावाहून आले, ऑफिसात बसले आणि म्हणाले, "म्याडम, काय कमी केलाव आम्ही हिला?"

त्या बापाला दोष देऊन भागत नाही. जन्मतःच भावना तीव्र असणारं मूल आणि त्या भावनांना "एवढ्याशाने रडतेस काय" म्हणून सतत उडवून लावणारं वातावरण, या दोहोंच्या घर्षणातून हा आजार वाढतो, अशी मार्शा लिनेहान या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंची मांडणी आहे. बऱ्याच रुग्णांच्या बालपणी छळ किंवा अत्याचार झालेला असतो, पण सगळ्यांच्या नाही. आई-बापांनी जीव तोडून वाढवलेल्या लेकरालाही हा आजार होतो.

निदानासाठी नऊ लक्षणं सांगितलेली आहेत, त्यांतली किमान पाच हवीत: सोडून दिलं जाण्याची जीवघेणी भीती, आज देव आणि उद्या दगड अशी नाती, आपण नक्की कोण याचा पत्ता नसणं, उतावळेपणाने स्वतःचं नुकसान करून घेणं, स्वतःला इजा किंवा आत्महत्येचे प्रयत्न, तासातासाला बदलणारं मन, आतलं रितेपण, न आवरणारा राग आणि ताण वाढला की येणारा संशय किंवा सुन्नपणा. आणि हे एका परीक्षेपुरतं नसतं, वर्षानुवर्षं, सगळ्या नात्यांत असतं. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण चिडकी मुलगी दिसली की तिच्यावर हा शिक्का मारावा असं मला मुळीच वाटत नाही. निकालाच्या आठवड्यात आमच्या निम्म्या मुली रडतात. तो आजार नाही.

हा आजार दुर्मीळही नाही. लोकसंख्येत साधारण शंभरात एक-दोन जणांना तो असतो. दवाखान्यात बायका जास्त दिसतात म्हणून तो बायकांचा समजला जातो, पण अमेरिकेत समाजात फिरून केलेल्या मोठ्या पाहणीत पुरुषांतलं प्रमाण जवळपास तेवढंच निघालं. आपल्याकडचा मुलगा दारू पितो, मारामारी करतो, गाडी कुठेतरी नेऊन घालतो. त्याला डॉक्टरकडे कोण नेतं?

मुलींना नेतात, पण आधी देवरुष्याकडे. "बाहेरचं" झालंय म्हणून अंगारा, उतारा, अमावस्येच्या वाऱ्या. मारहाणीचे प्रकारही होतात, ज्यांवर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने बंदी आहे. नंतर कुणीतरी सांगतं, लग्न करून टाका, सुधारेल. ज्या मुलीला नात्यातलाच चढउतार सोसत नाही, तिला अठराव्या वर्षी एका अनोळखी घरात नेऊन सोडायचं, याहून क्रूर सल्ला मला माहीत नाही.

आणि मग एखाद्या रात्री अपघात विभाग. एका दवाखान्यात, जो आपल्या दोघांचाही नव्हे, मी अशा मुलीसोबत बसले होते. टाके घालताना तिथली सिस्टर म्हणाली, "नाटकं करायला हिला दुसरी जागा नव्हती का?" रात्रपाळीचा थकवा मला कळतो. पण ती मुलगी पुढच्या वेळी दवाखान्यात यायलाच तयार नव्हती. नातेवाईकही खरं बोलत नाहीत, जिन्यावरून पडली म्हणून सांगतात, कारण पोलीस केसची धास्ती. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चं कलम ११५ म्हणतं की आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच, उलट सिद्ध होईपर्यंत, मानायचं, तिला शिक्षा करायची नाही आणि उपचार देणं हे सरकारचं कर्तव्य आहे. १ जुलै २०२४ पासून तर भारतीय न्याय संहितेत या प्रयत्नाला शिक्षा सांगणारं जुनं ३०९ कलमच उरलेलं नाही. एवढी दोन वाक्यं मोठ्या मराठी अक्षरांत अपघात विभागाच्या भिंतीवर लावली, तरी कितीतरी घरं डॉक्टरांशी खरं बोलतील.

आता उपचाराचं. फक्त याच आजारासाठी म्हणून मान्यता मिळालेली एकही गोळी नाही. सोबत नैराश्य असेल तर त्याची औषधं लागतात, तो निर्णय मानसोपचारतज्ज्ञांचा. पण मी पाहिलेल्या मुलींच्या पिशवीत चार दवाखान्यांचे केसपेपर आणि एकावर एक चढलेल्या गोळ्या असतात. कुणी बायपोलर म्हटलेलं, कुणी हिस्टेरिया, कुणी नुसताच अशक्तपणा. बायपोलरमध्ये मनाची अवस्था दिवसेंदिवस, आठवडेच्या आठवडे टिकते. इथे ती एका न उचललेल्या फोनने फिरते आणि रात्रीत परत येते. हा फरक ओळखायला मुलीशी अर्धा तास बोलावं लागतं, आणि गर्दीच्या ओपीडीत अर्धा तास कुठून आणायचा हा प्रश्न आपल्यालाही पडत असणार.

गुण येतो तो बोलण्याच्या, शिकवण्याच्या उपचाराने. लिनेहानबाईंनी डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी उभी केली, १९९३ मध्ये तिचं पुस्तक आलं आणि २०११ मध्ये त्यांनी जाहीरपणे सांगितलं की तरुणपणी त्या स्वतः मनोरुग्णालयात होत्या. या रुग्णांचं मन सगळीकडून भाजलेल्या कातडीसारखं असतं, जरा स्पर्श झाला तरी आग होते, असं त्या म्हणत आल्या. त्यांच्या पद्धतीत दर आठवड्याला एकट्याने भेट असते आणि दर आठवड्याला गटात वर्ग: मनाकडे लक्ष देणं, संकटाची घटका निभावून नेणं, भावना हाताळणं, नाती सांभाळत आपलं म्हणणं मांडणं.

यातली एक साधी गोष्ट आम्ही वसतिगृहात करतो, एका समुपदेशक ताईंनी शिकवली म्हणून. लाट आली की चेहरा थंडगार पाण्यात काही सेकंद धरायचा, श्वास रोखून. त्याने हृदयाची गती खाली येते आणि मुलीला विचार करायला जरा जागा मिळते. हृदयाचा आजार असेल तर हे करायचं नाही. आता एप्रिल-मेमध्ये लातूरच्या टाकीतलं पाणी हाताला चटका देतं, म्हणून मेसच्या फ्रिजमध्ये बर्फाचा एक ट्रे यासाठीच वेगळा ठेवलेला असतो, आणि स्वयंपाकाच्या मावशींना तो सरबताला वापरायचा नाही हे पाठ आहे. मुलगी स्टीलच्या परातीत तोंड घालते, वर येते, धापा टाकते, पुन्हा घालते. मग मावशी तिच्या हातात टॉवेल देतात आणि काही विचारत नाहीत. एवढ्याने आजार बरा होत नाही. ती रात्र निघते.

पुढच्या रात्रींसाठी शिकवणारं माणूस हवं, आणि ते जवळ हवं. हा उपचार पुण्यात, मुंबईत खासगीत मिळतो. नांदेडचे लोक हैदराबाद गाठतात, लातूरचे सोलापूर-पुण्याला जातात. एकदा तपासणीला जाणं जमतं. वर्षभर दर आठवड्याला जाणं ना शेतकऱ्याला जमतं ना पगारदाराला, आणि हा उपचार तर दर आठवड्याचाच आहे. राज्याची चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीत. आमच्या मुलींना तसंही वॉर्डात कोंडून ठेवण्याची गरज क्वचितच असते, त्यांना घरी राहून शिकायचं असतं.

एवढे प्रशिक्षित थेरपिस्ट आणायचे कुठून, असं आपण म्हणाल. त्याचं उत्तर टोरंटोतून आलेलं आहे. तिथे १८० रुग्णांवर वर्षभर केलेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना लिनेहानबाईंची थेरपी दिली, निम्म्यांना नीट आखलेला साधा मानसोपचार: निदान स्पष्ट सांगणं, ठरल्या दिवशी भेटणं, रोजच्या आयुष्यातल्या घटनांवर बोलणं. दोन्ही गट जवळपास सारखेच सुधारले. म्हणजे आपल्या विभागातले डॉक्टर, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, सोशल वर्कर आणि परिचारिका यांच्या जोरावर हे सुरू करता येतं. लागते ती शिस्त, आणि दर वेळी तोच चेहरा समोर असणं. दर भेटीला नवा निवासी डॉक्टर आला तर सोडून दिलं जाण्याच्या भीतीने पछाडलेल्या मुलीला आपणच पुन्हा सोडून देतो.

पालकांना मी एक आकडा नेहमी सांगते, आपणही सांगावा. अमेरिकेत मेरी झनारिनी यांनी अशा २९० रुग्णांचा वर्षानुवर्षं माग ठेवला. दहा वर्षांत ९३ टक्के रुग्णांची लक्षणं ओसरली आणि किमान दोन वर्षं ओसरलेलीच राहिली. नोकरी-नात्यांसकट पूर्ण उभे राहिले ते निम्मे, हेही खरं, आणि म्हणूनच लवकर सुरुवात हवी. "ही अशीच राहणार" हे वाक्य खोटं आहे.

तर माझी मागणी. विष्णुपुरीला आणि लातूरला, आठवड्यातली एक ठरलेली दुपार या रुग्णांसाठी राखून ठेवा. मराठीतून गट चालवा, उर्दू आणि तेलुगू बोलणाऱ्या घरांचीही सोय बघा. महिन्यातून एकदा आई-वडिलांना बसवा. अपघात विभागात स्वतःला इजा करून आलेल्या प्रत्येक रुग्णाला टाके घालून सोडण्याआधी त्या दुपारची तारीख केसपेपरवर लिहून द्या आणि खाली टेलि-मानस या मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक छापा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. इंटर्न आणि सिस्टरना अशा रुग्णाशी पहिल्या दहा मिनिटांत काय बोलावं, काय बोलू नये, ते शिकवा. स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ विष्णुपुरीतच आहे, मानसशास्त्र शिकणारी मुलं-मुली या जिल्ह्यांत भरपूर आहेत, आपल्या देखरेखीखाली त्यांनाही यात हात लावता येईल.

किल्लारीच्या भूकंपानंतर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने मराठवाड्यातल्या भूकंपग्रस्तांच्या मनाचा कित्येक वर्षं अभ्यास केला होता. जमीन हादरली तेव्हा मनाकडे बघणं कुणाला चैन वाटलं नाही. या मुलींच्या घरात पडझड दिसत नाही, एवढाच फरक.

जागेची अडचण असेल तर लातुरात आमच्या वसतिगृहाची अभ्यासिका रविवारी दुपारी मोकळी असते. पंखे आहेत, तीस जणांची बसायची सोय आहे, चहाचं आम्ही बघू. नांदेडसाठी तिथल्या रेक्टर आणि क्लासचालकांशी बोलायला मी स्वतः येते. दोन्ही महाविद्यालयांच्या मानसोपचार विभागप्रमुखांची एक एकत्र बैठक लावावी, आणि ती जूनमध्ये नव्या मुली येण्याआधी व्हावी.

आपली,
वसतिगृहाची एक रेक्टर, लातूर