माळढोक परत आणायचा? आधी माळ तयार करा



परवा पारावर विषय निघाला. राजस्थानात जैसलमेरकडं माळढोकाची पिल्लं केंद्रात वाढवायला लागलेत. उद्या ती आपल्याकडच्या माळावर सोडली तर? एक जण म्हणाला, "पाखरू येईल अन् सातबारा अडकंल." सगळे हसले. मला हसू आलं नाही, कारण तो चुकीचं बोलला नव्हता.

आपल्या आष्टीच्या शेजारचंच उदाहरण घ्या. १९७९ साली सोलापूर-नगर भागात माळढोक अभयारण्य जाहीर झालं, तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरचं. त्यात शेतं आली, गावं आली. जमिनीची खरेदी-विक्री अडली. पुढं ते सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आलं, पण तोवर शेतकऱ्याच्या मनात पाखराबद्दल राग बसला होता. आता नान्नजलाही माळढोक दिसणं दुर्मिळ झालंय.

दुसरी बाजूही बघा. देशात रानातले माळढोक दीडशेच्या आसपास उरलेत. मादी वर्षाला बहुतेक एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. २०१९ पासून रानातली अंडी उचलून उबवायला सुरुवात झाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये तर कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लू निघालं. आपण गाई-म्हशीला करतो तेच. म्हणजे पाखरं तयार होतील. सोडायची कुठं, हा खरा प्रश्न आहे.

माझं मत स्पष्ट आहे. माळढोक यावा, पण आज सोडू नये. कारणं तीन.

१) गवत. त्याला मोकळा माळ लागतो, झाडी नाही. आपण माळाला पडीक म्हणतो, मग तिथं खड्डे खोदून झाडं लावतो. नान्नजला गवताचे प्लॉट राखले होते, तिथं माळढोक टिकला. पण त्याच प्लॉटमधली गिरीपुष्पाची झाडं वाढली आणि माळ झाकला गेला.

२) तारा. हे पाखरू नर असेल तर पंधरा किलोपर्यंत भरतं. डोळे बाजूला, समोरचं कमी दिसतं. तार दिसेपर्यंत वळायला वेळ नसतो. आपल्या जिल्ह्यात पवनचक्क्या अन् सोलरच्या लाइनी वाढायला लागल्यात. लाइन टाकायच्या आधीच मार्ग ठरवला पाहिजे.

३) पीक. रब्बी ज्वारी, करडई, हरभऱ्याच्या रानात तो फिरायचा, टोळ-किडे खायचा. आता सोयाबीन-कापूस अन् फवारणीवर फवारणी. खायला टोळ राहिले नाहीत. वर मोकाट कुत्री.

हे तिन्ही तसंच ठेवून पिंजऱ्यातलं पाखरू सोडणं म्हणजे पेरणीला वाफसा नसताना महागाचं बियाणं टाकणं.

मग काय करावं? सरकारनं आधी गायरान आणि वनखात्याच्या माळावर गवत राखावं. खासगी रानावर बंदी घालू नये. उलट ज्वारी-करडई करणाऱ्याला, अंडं दिसल्यावर तेवढा तुकडा न मोडणाऱ्याला एकरी मोबदला लेखी द्यावा. ग्रामसभेत ठराव होऊ द्या, मग पाखरू आणा. बंदीनं काय झालं ते शेजारच्या जिल्ह्यांत दिसलंच आहे.

आपणही काही करू शकतो. मी बांधालगतचा अर्धा एकर मुरमाड तुकडा यंदा नांगरला नाही. पवन्या अन् मारवेल उभं आहे. जनावरांना कापून चारा मिळतोय, चंडोल अन् तितर दिसायला लागलेत. माळढोक येईल असं म्हणत नाही. पण माळ राखला तर तोटा नाही, एवढं कळलं.

तुमच्या गावच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, शेवटचा माळढोक कधी अन् कुठल्या माळावर बघितला. गावाचं नाव अन् अंदाजे साल खाली लिहा. कृषी सहायक अन् अभ्यासक मंडळींनीही लिहावं. सोडायची वेळ येईल तेव्हा हीच यादी कामाला येईल.