कर्ज कुणाचे, वसुली कुणाकडून?

महामारीच्या काळातील शिक्षणाविषयी जे अहवाल आणि ज्या स्मरणिका वाचावयास मिळतात, त्यांत एक वाक्य हमखास आढळते : शाळेने त्या कठीण काळात कुटुंबांना आधार दिला. वाक्य गोड आहे आणि काही शिक्षकांच्या बाबतीत ते अक्षरशः खरेही आहे. परंतु जुन्या जालन्यासारख्या कष्टकऱ्यांच्या वस्तीत हे वाक्य वाचले की मनात प्रश्न उभा राहतो, आधार नेमका कुणी कुणाला दिला? आमचे म्हणणे असे की, त्या दीड-पावणेदोन वर्षांत प्राथमिक शाळेचे ओझे घरांनी वाहिले. ज्यांच्या अंगी तेवढे बळ नव्हते, अशा घरांनीही ते वाहिले. आणि त्यात जे शिकवावयाचे राहून गेले, त्याचा जाब आज त्याच घरांतील मुलांना विचारला जात आहे.

कुंडलिका नदीच्या एका काठास जुना जालना आणि दुसऱ्या काठास नवा. बियाणे आणि पोलाद या दोन धंद्यांनी हे गाव देशभर ओळखले जाते. 'जालना सोने का पालना' ही म्हण आपण अभिमानाने सांगतो. पण या पाळण्याची दोरी ज्या हातांत आहे, ते हात रोजंदारीचे आहेत. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली, तेव्हा प्रथम या हातांचे काम गेले. ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ रेल्वेरुळांवर थकून झोपलेले जे सोळा मजूर मालगाडीखाली सापडले, ते जालन्याच्या पोलाद कारखान्यात राबणारे होते आणि मध्य प्रदेशातील आपल्या घरी पायी निघाले होते. कष्टकऱ्यांची अशी दैना ज्या गावाने पाहिली, त्याच गावातील घरांना थोड्याच दिवसांत सांगण्यात आले की, आता तुमचे घर हीच शाळा.

घर शाळा व्हावयास काय लागते, याचा विचार करा. इंटरनेट चालणारा मोबाइल लागतो. तो दिवसा घरात असावा लागतो, बापाबरोबर कामावर जाऊन चालत नाही. दर महिन्याला रिचार्जचे पैसे लागतात. दोन-तीन भावंडे असतील, तर त्यांचे तास एकाच वेळी येऊन चालत नाही. मुलाला अडले तर सांगणारे एक शिकलेले माणूस जवळ लागते, आणि त्या माणसास पोटासाठी बाहेर जावे लागत नसावे. ऑनलाइन शिक्षणाच्या योजनेने हे सारे गृहीत धरले होते. ज्या घरात हे सारे होते, त्या घरातील मूल शाळेविनाही शिकले असते. ज्या घरात यातले काहीच नव्हते, त्याच घरासाठी तर सरकारी शाळा निघाली होती!

हा केवळ आमचा तर्क नव्हे. ज्याँ द्रेझ प्रभृती अभ्यासकांनी ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रासह पंधरा राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील गोरगरिबांच्या वस्त्यांत सुमारे चौदाशे मुलांची पाहणी केली. नियमितपणे ऑनलाइन शिकणारी मुले शहरी वस्त्यांत शंभरात चोवीस आणि ग्रामीण भागात शंभरात आठ निघाली. ग्रामीण भागातील सदतीस टक्के मुलांचा तर अभ्यासच थांबला होता. कागदोपत्री शिक्षण सुरू होते. मुले मात्र त्या कागदाबाहेर राहिली.

ज्यांनी खरोखर आधार दिला, त्यांचे ऋण आम्ही मानतो. दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर २०२० च्या जुलैपासून 'टिलीमिली' ही मालिका लागली. तिने मोबाइल नसलेल्या काही घरांत तरी धडे पोहोचविले. सोलापुरात नीलमनगरच्या शिक्षकांनी वस्तीतील घरांच्या भिंतींवर पाठ रंगविले आणि येता-जाता मुले ते वाचू लागली. जव्हार-मोखाड्याच्या आदिवासी पाड्यांवर ध्वनिवर्धकातून धडे ऐकविण्यात आले. शाळेतील पोषण आहाराऐवजी पालकांच्या हाती तांदूळ आणि कडधान्ये देण्यात आली. पहिली ते पाचवीच्या मुलामागे दिवसाला शंभर ग्रॅम तांदूळ हे प्रमाण लहान वाटेल, पण रोजगार तुटलेल्या घरी त्याची किंमत मोठी होती. या साऱ्यांत एक सूत्र दिसते. जिथे शाळा मुलाच्या दारापर्यंत चालत गेली, तिथे आधार मिळाला. जिथे तिने केवळ मोबाइलवर गृहपाठ धाडला, तिथे तिने आपले काम आईच्या गळ्यात टाकले. ही गोष्ट या गावास नवी नाही. रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळ बेथेल ही वसाहत उभारली. दलित ख्रिस्ती कुटुंबे जिथे राहिली, तिथेच त्यांची शाळाही उभी राहिली. आम्ही कॅथलिक आणि ते प्रॉटेस्टंट, हा भेद येथे गौण आहे. शिक्षण माणसाच्या जवळ जावे लागते, हे त्यांना उमगले होते.

कुणी म्हणेल, साथ भयंकर होती, शाळा बंद ठेवण्यावाचून इलाज नव्हता. २०२० पुरते आणि २०२१ च्या उन्हाळ्यातील दुसऱ्या लाटेपुरते आम्ही हे निमूटपणे मान्य करतो. आमचा वाद त्यानंतरच्या क्रमाशी आहे. राज्यातील प्रार्थनास्थळे ७ ऑक्टोबर २०२१ रोजी उघडली. चित्रपटगृहे २२ ऑक्टोबरला उघडली. आणि खेड्यांतील पहिली ते चौथीच्या व शहरांतील पहिली ते सातवीच्या वर्गांना परवानगी मिळाली ती १ डिसेंबरपासून! त्याही शाळा जानेवारीत पुन्हा बंद झाल्या आणि २४ जानेवारी २०२२ पासून त्या उघडण्यास नव्याने मुभा मिळाली. प्रार्थनास्थळे उघडल्याचा आनंद आपणा सर्वांस झाला. पण ज्या समाजात लहान मुलाच्या पहिलीच्या वर्गाआधी सिनेमाचा पडदा वर जातो, त्या समाजाने आपल्या अग्रक्रमाविषयी आत्मपरीक्षण करावयास हवे. मुले मतदान करीत नाहीत, मोर्चे काढीत नाहीत. म्हणून ती रांगेत शेवटी उभी राहिली.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. २०२० च्या जूनमध्ये जे मूल पहिलीत दाखल झाले, त्याने पहिलीचा वर्ग पाहिलाच नाही. तो वर्ग उघडला, तेव्हा ते अर्धी दुसरी ओलांडून गेले होते. अक्षरओळख आणि हातचा या गोष्टी ज्या वयात शिक्षकाच्या बोटाखाली शिकावयाच्या, ते वय निघून गेले. त्यावर २०२१ मध्ये पंचेचाळीस दिवसांचा सेतू अभ्यासक्रम आखला गेला, तोही शाळा बंद असतानाच. परिणाम काय झाला? 'असर' पाहणीनुसार देशाच्या ग्रामीण भागातील तिसरीच्या शंभर मुलांपैकी दुसरीचा उतारा वाचू शकणारी मुले २०१८ मध्ये सत्तावीस होती. २०२२ मध्ये ती वीसच उरली.

आणि याच मुलांच्या वाट्यास काय आले? राज्य शासनाने २०२३-२४ या शैक्षणिक वर्षापासून पाचवी आणि आठवीची वार्षिक परीक्षा पुन्हा सुरू केली. अनुत्तीर्ण झालेल्यास फेरपरीक्षा आणि त्यातही न जमल्यास पुन्हा त्याच वर्गात बसणे. २०२०-२१ चे वर्ष दुसरीत घरी काढलेले मूल या परीक्षेच्या पहिल्याच फेऱ्यात, पाचवीत सापडले. पहिली न पाहिलेले मूल पुढच्याच वर्षी, २०२४-२५ मध्ये, तिथे पोहोचले. नियम असाच राहिला, तर तेच मूल २०२७-२८ मध्ये आठवीच्या परीक्षेस बसेल. मराठवाड्यातील माणसास कर्ज आणि वसुली यांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. येथे कर्ज शासनाने काढले आहे आणि वसुली मात्र मुलाकडून चालली आहे.

परीक्षेस आमचा विरोध नाही. मुलाला काय येत नाही, हे कळावयास परीक्षा हवीच. पण काय येत नाही हे जाणण्यासाठी घेतलेली परीक्षा वेगळी आणि मागे ठेवण्यासाठी घेतलेली वेगळी. वैद्य नाडी पाहतो ती औषध देण्यासाठी. शिक्षण हक्क कायदा २००९ साली संमत झाला, तेव्हा शिकविण्याची जबाबदारी शासनाने स्वतःच्या शिरावर घेतली. ज्या वर्षी ती पार पडली नाही, त्या वर्षाचा हिशेब प्रथम शासनाने द्यावा, मग मुलाकडे मागावा.

आमची मागणी साधी आहे. महामारीत प्राथमिक वर्गांत असलेल्या प्रत्येक मुलाचे वाचन आणि गणित शाळेने एकदा स्वतंत्रपणे तपासावे, आणि जे मागे पडले असेल त्यास शाळेच्याच वेळेत, शिक्षकाकडूनच जादा शिकवावे. अशी मदत दिल्याची नोंद नसेल, तर त्या मुलास कोणत्याही वर्गात मागे ठेवू नये. गृहपाठ असा असावा की निरक्षर आईच्या मुलालाही तो एकट्याने करता येईल.

आणि एक मागणी आपल्या स्वतःच्या समाजाकडे. शाळा चालविण्याचा आपणास अभिमान आहे, आणि तो योग्यही आहे. पण संध्याकाळी आपल्या शाळांची फाटके बंद होतात आणि दिवे मालवले जातात, तेव्हा शेजारच्या वस्तीतील सहावी-सातवीचे मूल अजूनही जोडाक्षरांशी झगडत असते. ते आपल्या शाळेचे नसेल, आपल्या धर्माचेही नसेल. त्याच्यासाठी एक व्हरांडा, एक दिवा आणि तासभर बसणारा एक शिक्षक आपण देऊ शकतो. आधार दिल्याचे वाक्य पुढच्या स्मरणिकेत छापण्याआधी तेवढे तरी करू या.