उकळले म्हणजे निर्जंतुक झाले का?

दातांच्या दवाखान्यात पाऊल टाकताच तुमचे लक्ष कशाकडे जाते? त्या उंच खुर्चीकडे, डोक्यावरच्या दिव्याकडे आणि घुंऽऽ असा आवाज करणाऱ्या यंत्राकडे! किती दुखेल, ही आपली मुख्य चिंता. परंतु ताटलीतला चिमटा आपल्या आधी कोणाच्या तोंडात होता आणि मधल्या वेळात त्याचे काय केले गेले, हे फार थोडे लोक विचारतात. माझे मत असे, की ते प्रत्येकाने विचारले पाहिजे. आणि ते समजून घेण्यापुरते विज्ञान तुम्ही शाळेत शिकताच.

प्रथम दोन शब्दांतील फरक ध्यानात घेऊ. जिच्यावर मळ दिसत नाही ती वस्तू स्वच्छ. जिच्यावर एकही सूक्ष्मजीव जिवंत उरलेला नाही ती निर्जंतुक. स्वच्छता डोळ्यांना दिसते, निर्जंतुकता दिसत नाही. म्हणूनच चकचकीत फरशी आणि गार हवेचे यंत्र पाहून दवाखान्याची पारख करणे चुकीचे आहे. 'हेपॅटायटिस बी' या काविळीचा विषाणू कोरड्या पृष्ठभागावर निदान 7 दिवस टिकू शकतो. हत्यार नुसते पुसून ठेवले, तर तो तेथेच असतो.

"आम्ही हत्यारे उकळून घेतो," असे काही ठिकाणी अभिमानाने सांगितले जाते. उकळल्याने बहुतेक जीवाणू आणि विषाणू मरतात, हे खरे. परंतु काही जीवाणू संकटकाळी जाड कवचाचे बीजाणू बनवतात. धनुर्वाताचे जीवाणू त्यांपैकीच. असे चिवट बीजाणू उकळत्या पाण्यातही बराच वेळ तग धरू शकतात. शिवाय पाणी सगळीकडे 100 अंशांना उकळत नाही. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे 1,350 मीटर उंच आहे. तेथे हवेचा दाब कमी असल्याने पाणी सुमारे 95 ते 96 अंश सेल्सियसलाच उकळू लागते. त्यानंतर कितीही जाळ घाला, उघड्या भांड्यातले पाणी त्याहून तापत नाही.

यावर उपाय कोणता? तो तुमच्या स्वयंपाकघरातच शिट्ट्या देत असतो! दाब वाढवला की पाण्याचा उत्कलनबिंदू वाढतो. 1679 मध्ये देनिस पापँ यांनी याच तत्त्वावर चालणारे बंद भांडे दाखवले. पुढे 1879 मध्ये लुई पाश्चर यांचे सहकारी शार्ल शाम्बरलाँ यांनी त्यातून निर्जंतुकीकरणाचे यंत्र तयार केले. तेच आजचे ऑटोक्लेव्ह. वातावरणापेक्षा दर चौरस इंचाला 15 पौंड अधिक दाब दिला, की आतली वाफ 121 अंशांवर पोहोचते. या तापमानात किमान 15 मिनिटे ठेवल्यास बीजाणूही मरतात. दाब साधारण दुप्पट करून 134 अंश गाठले, तर 3 मिनिटे पुरतात.

आता एक गंमत पाहा. कोरड्या हवेच्या भट्टीत हेच काम करायला 160 अंशांना 2 तास लागतात. असे का व्हावे? कारण वाफ थंड धातूवर द्रवरूप होताना आपली सुप्त उष्णता, म्हणजे ग्रॅममागे सुमारे 540 कॅलरी, त्याला देऊन टाकते. कोरड्या हवेजवळ असे भांडवल नसते. म्हणूनच ऑटोक्लेव्हमधील हवा आधी बाहेर घालवावी लागते. हवा कोंडून राहिली, की त्या जागी वाफ पोहोचतच नाही. हत्यारे आधी घासून धुवावी लागतात, कारण वाळलेल्या रक्ताच्या थराखाली जंतू सुरक्षित राहतात. दात कोरण्याचे हत्यार मिनिटाला 3 लाखांहून अधिक फेरे घेते आणि थांबताना तोंडातील द्रव आत ओढून घेऊ शकते. ते बाहेरून पुसून कसे चालेल?

यंत्र घेतले म्हणजेही सारे संपले नाही. 2023 मध्ये तमिळनाडूतील वाणियंबाडी येथे एका दंतचिकित्सालयात उपचार घेतलेल्या 8 जणांचा मेलिऑइडोसिस या रोगाने मृत्यू झाला. या रोगाचे जीवाणू माती-पाण्यात राहतात. तपासात ते जखम धुण्याच्या सलाइनच्या वापरत्या बाटलीत सापडले. बाटली निर्जंतुक न केलेल्या हत्याराने उघडायची आणि उरलेले सलाइन झाकून पुन्हा वापरायचे, या सवयीवर तपास करणाऱ्यांनी बोट ठेवले. एका बाटलीची काटकसर केवढ्याला पडली!

"यंत्राला पैसे पडतात, खेड्यात वीज जाते, मग लहान दवाखान्याने करावे काय?" असे कोणी म्हणेल. अडचण खरी आहे. पण गॅसवर किंवा स्टोव्हवर चालणारी, कुकरसारखी ऑटोक्लेव्हेही मिळतात. फी थोडी वाढली तर ती देण्याची आपलीही तयारी हवी. सर्वांत स्वस्त दात काढणारा शोधायचा आणि सुरक्षितताही मागायची, हे जमणार नाही.

दुसरा आक्षेप असा, की डॉक्टरांना असे विचारणे उद्धटपणाचे आहे. मला तसे वाटत नाही. नम्रपणे विचारा: "डॉक्टर, हत्यारे ऑटोक्लेव्ह करता का? पाकीट माझ्यासमोर उघडाल का? हातमोजे नवे आहेत ना? यंत्राची बीजाणू-पट्टीने चाचणी कधी केली होती?" पाकिटावरच्या पट्टीचा रंग बदलला, तर ते पाकीट तापले एवढेच कळते, जंतू खरोखर मेले की नाही, हे बीजाणूंच्या चाचणीने कळते. काळजीने काम करणाऱ्या डॉक्टरांना हे प्रश्न आवडतील. जे चिडतील, त्यांच्याबद्दल काय समजायचे ते तुम्ही जाणता.

मात्र हे वाचून दवाखान्यात जाणेच टाळू नका. किडलेला दात तसाच ठेवणे हाही धोकाच आहे.

शिक्षकांना एक विनंती. दाब आणि उत्कलनबिंदूचा धडा शिकवताना कुकरपाशी थांबू नका. गावातल्या दंतवैद्यांना वर्गात बोलवा आणि त्यांचे ऑटोक्लेव्ह कसे चालते, ते मुलांसमोर सांगायला लावा. शाळेत दंततपासणीचे शिबिर भरले, तर एका मुलासाठी वापरलेला आरसा दुसऱ्याच्या तोंडात जाण्यापूर्वी त्याचे काय केले जाते, हे आधी विचारून घ्या.