हळदीच्या गोळ्या आणि दुभती शेळी



वाळवा तालुक्यातील एका भगिनीचे पत्र समोर आहे. त्यांच्या सासूबाई वर्षभरापासून फार विसरू लागल्या आहेत. चूल पेटवून विसरतात, नातवाला मुलाच्या नावाने हाक मारतात. गावात आलेल्या एका विक्रेत्याने हळदीच्या गोळ्या सुचवल्या, ‘मेंदूची सूज उतरते’ म्हणाला. खर्च महिन्याला दीड हजार. त्यासाठी दुभती शेळी विकावी का, असे त्या विचारतात.

प्रश्न शेळीचा असला, तरी उत्तर थोडे मुळापासून द्यावे लागेल.

अन्न पचते, बी उगवते, ते विकरांमुळे. त्यांनाच एन्झाइम म्हणतात. विकरांना अडवणारे पदार्थ वनस्पतींत असतात. कच्चे सोयाबीन खाऊन कोंबड्यांची वाढ खुंटते, कारण त्यातला एक पदार्थ ट्रिप्सिन या पाचक विकराला धरून ठेवतो. सोयाबीन नीट भाजले वा उकडले, की तो पदार्थ बहुतांशी निकामी होतो. तेव्हा अडवणूक चांगली की वाईट, हे कोणाला अडवले त्यावर ठरते.

आता मेंदूकडे वळू. तिथे मायक्रोग्लिया नावाच्या पेशी असतात. स्पेनच्या पिओ देल रिओ ओर्तेगा यांनी 1919 साली त्या वेगळ्या ओळखल्या. त्यांचे काम ज्वारीच्या माळ्यावरच्या राखण्यासारखे. जंतू शिरला किंवा पेशी मेली, की धावून जायचे. पण पाखरे उडून गेल्यावरही राखण्या गोफण फिरवीतच राहिला, तर त्याच्याच दगडांनी कणसे झडतात. विस्मरणाच्या आजारात मेंदूत असे काहीसे घडताना दिसते. हे दगड तयार करणाऱ्या विकरांपैकी एक म्हणजे सायक्लोऑक्सिजनेज. अ‍ॅस्पिरिन त्याच विकराला अडवते, हे इंग्लंडच्या जॉन वेन यांनी 1971 साली दाखवले आणि 1982 साली त्यांना नोबेल मिळाले. अ‍ॅस्पिरिनचे मूळ विलो झाडाच्या सालीत. ओढ्याकाठचा आपला वाळुंज त्याच झाडाचा भाऊबंद.

हळदीतले कुरक्युमिन प्रयोगशाळेत वाढवलेल्या मायक्रोग्लियांवर घातले, की हे विकर कमी तयार होते. एवढे खरे आहे. विक्रेता इथेच थांबतो!

हळदीत कुरक्युमिन असते शेकडा तीनच्या आसपास. त्यातले रक्तात उतरते फारच थोडे. आतडी व यकृतातली विकरे त्याचे रूप पालटून ते बाहेर टाकतात. मिरीतले पायपेरिन त्या विकरांना अडवते, म्हणून अशा पुष्कळ गोळ्यांत मिरीचा अर्क घालतात. पण मग फिट्सच्या काही औषधांसारखी दुसरी औषधेही रक्तात साठू शकतात. क्वचित कुणाच्या यकृताला या गोळ्यांनी इजा झाल्याचेही नोंदले आहे. आणि विस्मरणाच्या रुग्णांना 24 आठवडे कुरक्युमिन देऊन अमेरिकेत केलेल्या चाचणीत काही फायदा दिसला नाही. तो अहवाल 2012 साली प्रसिद्ध झाला. संशोधन चालू आहे, चालू द्यावे. आपल्या शेळीवर नको.

तेव्हा भगिनींनो, शेळी ठेवा. सासूबाईंना आधी डॉक्टरांकडे न्या आणि बी-12 व थायरॉइड यांची रक्ततपासणी करायची का, ते विचारा. विस्मरण या कारणांनी असेल, तर ते उपचाराने पुष्कळदा सुधारते. मी शेतीखात्याचा माणूस, औषध सांगणार नाही. चालू गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करू नयेत. चूल पेटवताना कुणीतरी जवळ असावे.

आमटीत चिमूटभर हळद घालतो ती घालावीच. पण ती कुठली, ते पाहा. पिवळीधमक दिसावी म्हणून काही ठिकाणी हळदीला लेड क्रोमेट चोळतात. त्यात शिसे असते आणि शिसे लहान मुलांच्या मेंदूला कायमची इजा करते. बांगलादेशात 2019 साली बाजारातल्या जवळजवळ निम्म्या नमुन्यांत ते सापडले. तपासणी आणि दंड सुरू झाल्यावर 2021 साली एकाही नमुन्यात मिळाले नाही. विकत घेताना हळकुंडेच घ्या. फार झळकणारी नकोत, किंचित मळकट चालतील. धुऊन, वाळवून घरी दळा. आणि आपण स्वतः हळद शिजवून पॉलिश करता, तेव्हा ढोलात रंग टाकायला कुणी सांगितले, भाव दोन रुपये जास्त मिळेल म्हणाले, तरी टाकू नका. ती हळद कुणाच्या तरी पोराच्या दुधात पडणार असते.