वाऱ्याची परतवाट

चिंचवड गांवांतील आमच्या एका स्नेह्यांनीं आपल्या वडिलोपार्जित वाड्याची डागडुजी काढली. चिरंजीव चाकणच्या एका कारखान्यांत इंजिनियर. मातोश्रींस पौषांतील पहांटेचा गारठा सोसवेना. तेव्हां पत्र्याचे डक्ट फिरवून उन्हाळ्यांत गार व हिवाळ्यांत ऊबदार हवा सर्व खोल्यांत खेळवावी, असें ठरलें. हल्लीं एकच यंत्र हीं दोन्ही कामें करूं शकतें.

पहिला पेंच कड्यांचा पडला. डक्ट आडवा नेण्यासाठीं कड्यांस खालून खांच पाडण्यास मजूर सज्ज झाले. पण वृद्ध सुतारानें त्यांचा हात धरला. माडीच्या भारानें कडीस सर्वांत अधिक ताण बसतो तो मधोमध, खालच्या अंगास. तेथेंच लांकूड कापणें म्हणजे माडीचा आधार काढणें होय. डक्ट दोन कड्यांमधील जागेंतून त्यांच्या लांबीच्या दिशेनें न्यावा. आडवें जाणें भागच असेल तर कड्यांच्या खालून न्यावा आणि छत वीतभर खालीं आलें तरी पत्करावें. शिवाय पावसाळ्यांत गार पत्र्यावर पाणी धरतें. तें ठिबकून लांकूड कुजूं नये, म्हणून डक्टास उष्णतारोधक वेष्टन हवेंच.

दुसरा पेंच हिवाळ्यांत उघडा पडला. मातोश्री रात्रीं दार लावून निजत. त्यांच्या खोलींत हवा सोडणारी जाळी होती. ती हवा परत ओढणारी जाळी मात्र बाहेर सोप्यांत, साऱ्या घरास मिळून एकच. खोलींत हवा कोंडली कीं नवी हवा पुरेशी शिरत नाहीं. उलट सोप्यांतील हवा यंत्र ओढीतच असतें आणि ती उणीव भरण्यास फटींफटींतून बाहेरचा गारठा आंत येतो. खोली थंडच राहिली. सुनेस त्रास नको म्हणून मातोश्रींनीं एके रात्रीं कोळशाची शेगडी मुकाट्यानें आंत घेतली. पहांटे नातीनें हांक मारली तेव्हां डोकें जड झालेलें, पाय लटपटत होते. दार वेळीं उघडलें म्हणून निभावलें. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूस ना रंग, ना वास. बंद खोलींत तो झोंपेंतच प्राण घेतो.

उपाय किती सोपा! दारावरच्या भिंतींत झरोका पाडून जाळी बसविली आणि खोली ऊबदार झाली. पूर्वीच्या वाड्यांत तापलेली हवा चौकांतून वर जाई व दारांझरोक्यांतून ताजी हवा आंत येई. वाऱ्यास येण्याबरोबर जाण्याचीहि वाट होती. आपण झरोके बुजवितों आणि ती वाट विसरतों.

म्हणून आमच्या वाचकांस विनंति, कीं असें काम काढण्यापूर्वीं प्रत्येक खोलीचें दार लावून कंत्राटदारास विचारावें: आतां हवा परत कोठून जाणार? आणि काम झाल्यावर घरांतील वडीलधाऱ्यांस थंडी वाजते काय, हें आपणच विचारावें. तीं आपण होऊन सांगत नाहींत.