पिल्लं पिशवीत बांधून टाकणाऱ्यांना



मंगळवारी पहाटे मोटर चालू करायला गेलो, तर पाटाच्या कडेला खताची रिकामी पिशवी. तोंड सुतळीनं बांधलेलं. आत मांजराची पाच पिल्लं. डोळे नुकतेच किलकिले झालेले, म्हणजे आठ-दहा दिवसांची. तीन मेलेली होती.

टाकणारा लांबचा नाही. एवढ्या आत रस्ता कुणाला माहीत असतो? म्हणून इथंच लिहितोय.

मी काही साधू नाही. पंधरा वर्षांपूर्वी मीही चार पिल्लं बाजारतळावर सोडून आलो होतो. मांजर तीन दिवस माळ्यावर, गोठ्यात, चुलीमागं ओरडत फिरली. आमची ही माझ्याशी बोलली नाही ती वेगळीच. आणि तीन महिने व्हायच्या आत तीच मांजर पुन्हा व्याली! तेव्हा वाटलं नशीब. नंतर जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं ते कळलं.

पिल्लं काढून घेतली की मांजर लवकर माजावर येते. आठ-पंधरा दिवसांतसुद्धा. गाभण राहिली की साधारण ६३ ते ६५ दिवसांत व्याते. करा हिशोब. म्हणजे तुम्ही पिल्लं टाकून त्रास कमी करत नाही, पुढचं वेत अलीकडं ओढता. पिल्लं अंगावर असली तरी ती माजावर येऊ शकते, म्हणून "पाजतेय तोवर काळजी नाही" हेही खोटं.

पहिलटकरणीला बहुतेक दोन-तीन होतात, पुढं चार-पाच, कधी सहा. वर्षाला दोन वेतं धरली तरी आठ पिल्लं. त्यातल्या माद्या पाच-सहा महिन्यांत स्वतःच माजावर येतात. गाईचे २१ दिवस आपण कॅलेंडरवर खूण करून मोजतो, रात्री उठून बघतो. मांजरीच्या वेळेस मात्र "झाली बाबा पुन्हा" म्हणायचं आणि सुतळी शोधायची.

वर तोंड करून सांगतात, मांजर सात घरं फिरवते, तिचं तीच बघते. अहो, ती फिरवते ते बोक्याच्या भीतीनं आणि तुमची पोरं सारखी हात लावतात म्हणून. कोपऱ्यात खोकं ठेवा, जुनं लुगडं घाला, तिला जास्तीचं खायला द्या आणि लांब राहा. आठ आठवडे पिल्लं आईजवळ राहू द्या, मग द्यायची त्याला द्या.

दुसरं एक ऐकतो, नसबंदी केली की मांजर उंदीर धरत नाही. आमचीची करून तीन वर्षं झाली. सोयाबीनच्या पोत्यांना यंदा एक भोक नाही. उंदीर धरणं तिच्या अंगातच असतं, त्याचा माजाशी संबंध नाही. उपाशी ठेवल्यावर जास्त धरते हेही कुणी सांगू नका, उपाशी मांजर उकिरड्यावर जाते. बाकी सोडा, जनावर असं टाकून देणं १९६० च्या कायद्यानं गुन्हा आहे. पण कायद्याला भिऊन कुणी सुधारलेलं मी पाहिलं नाही.

पाच-सहा महिन्यांची झाली की दवाखान्यात न्या. व्यालेली असेल तर पिल्लं दूध सोडली की न्या, तोवर घरात कोंडा. कुठं होतं ते तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात विचारा.

उरलेली दोन घरी आहेत. गाईच्या दुधानं जुलाब लागतात म्हणून तालुक्याहून मांजराच्या पिल्लांची दूध पावडर आणली. दर तीन तासांनी ड्रॉपरनं पाजतोय, रात्रीही. शी-शू आपोआप होत नाही, आई चाटते तसं कोमट ओल्या फडक्यानं पुसावं लागतं. पन्नाशी उलटल्यावर हे काम लागलंय.

एक भुरा बोका आहे, एक तिरंगी. तिरंगी बहुतेक मादीच असते, ती आम्ही ठेवणार. भुऱ्याला दीड-दोन महिन्यांनी घर पाहिजे. ज्यानं पिशवी टाकली त्यानं मागितला तरी देईन. आधी त्याची आई दवाखान्यात नेऊन आणा.