विजेविना उजेड



मे महिन्यातली दुपार पत्र्याच्या खोलीत काढलेल्या माणसाला उकाडा म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. आपल्यातील कितीतरी जण असल्याच वर्गांत शिकले. म्हणून आज गान्दो या खेड्यातील शाळेची गोष्ट. हे गाव पश्चिम आफ्रिकेत, बुर्किना फासो देशात आहे. तिथे पारा चाळीस अंशांच्या वर जातो.

१९६५ साली जन्मलेले फ्रान्सिस केरे हे या गावातून शाळेत गेलेले पहिले मूल. वडील गावचे मुखिया, पण गावात शाळाच नव्हती. सातव्या वर्षी घर सोडून परगावी जावे लागले. तिथे सिमेंटच्या अंधाऱ्या, कोंदट वर्गात शंभरावर मुले कोंबलेली. सुट्टी संपवून निघताना गावातील एकेक बाई आपल्याजवळचे शेवटचे नाणे त्यांच्या हातावर ठेवी. का, असे आईला विचारले. हा शिकेल आणि एक दिवस परत येऊन गावाचे भले करील, एवढीच त्या बायांची आशा होती.

सुतारकामाच्या शिष्यवृत्तीवर ते जर्मनीला गेले, पुढे बर्लिनला वास्तुरचना शिकले. (स्वयंपाकघराची दिशा बदलायला लावणारे वास्तुशास्त्र नव्हे!) शिक्षण पुरे होण्याआधीच मित्रांकडून पैसे जमवून त्यांनी गावात शाळा उभी केली. ती २००१ साली पूर्ण झाली.

गावकरी आधी नाराज होते. परदेशात शिकून आला आणि मातीच बांधतो? मातीच्या भिंती पावसात वाहून जातात, हे त्यांनी जन्मभर पाहिलेले. केरे यांनी मातीत थोडे सिमेंट मिसळून दाबून विटा पाडल्या. वर्गावर त्याच विटांचे, फटी ठेवलेले छत घातले. पत्रा त्या छताला टेकवला नाही. लोखंडी सळ्यांच्या सांगाड्यावर बराच उंच उचलला. पत्रा तापला की मधली हवा तापून बाहेर निघते, आणि खिडक्यांतून येणारी हवा वर्गातली ऊब फटींतून वर नेते. पत्रा भिंतींच्या पुढे बराच आलेला, त्यामुळे पावसाचा मारा आणि ऊन दोन्ही अडते. उघडझाप करता येणाऱ्या पट्ट्यांच्या खिडक्यांतून हवा तेवढाच उजेड आत येतो. गावात वीज नव्हतीच. पंख्याचा प्रश्नच नव्हता. सळ्या कापणे, जोडणे गावातली माणसेच शिकली. बायांनी जमीन चोपून गुळगुळीत केली.

२०२२ साली केरे यांना प्रित्झकर पुरस्कार मिळाला. वास्तुरचनेतला हा जगातला सर्वांत मोठा मान. तो मिळवणारे ते पहिले आफ्रिकी.

आपण वर्गणी काढून विहार बांधतो, वर पत्रे टाकून अभ्यासिका करतो, आणि परीक्षेच्या दिवसांतच तिथे पोरे बसू शकत नाहीत. फरशी कोणत्या रंगाची, यावर बैठकीत तास जातो. वारा कुठून येईल आणि कुठून जाईल, हे मिस्त्रीला कोणी विचारत नाही.

गान्दोत पुढे वाचनालय बांधायला घेतले, तेव्हा बायांनी मातीची मडकी आणून दिली. ती कापून छताच्या स्लॅबमध्ये बसवली. त्या गोल भोकांतून उजेड आत येतो.